डावा टक्स

कारखान्यात तिला सगळे वहिनी म्हणत. कारखाना ताईंचा आणि ही ताईंच्या धाकट्या भावाची बायको. तेव्हा मशीनवरच्या बायकांची ती वहिनी, इस्त्रीवाल्याची वहिनी आणि कटिंगचे मास्तर तिच्या बापाच्या वयाचे, त्यांचीही वहिनीच. मान मोठा होता. पण मानाच्या माणसाचं काम कुठे ठरलेलं नसतं, म्हणून त्याला कुठलंही सांगता येतं. बटणं वेगळी करायची, पार्सलं बांधायची, कुणी आलं नाही की त्याच्या खुर्चीवर बसायचं, हे सगळं ती करायची. मात्र तिचं खरं काम एकच होतं, ते म्हणजे उभं राहायचं.

बायकांचे तयार कपडे शिवायचा तो कारखाना. दुकानात काउंटरमागे उभ्या राहणाऱ्यांचे, हॉटेलात स्वागताला असणाऱ्यांचे, दवाखान्यात काम करणाऱ्यांचे युनिफॉर्म तिथे व्हायचे. नवा नमुना शिवला की तो आधी वहिनीच्या अंगावर चढायचा. खिडकीजवळच्या लाकडी पाटावर ती उभी राहायची, मास्तर टाचण्या लावायचे, ताई भोवती फिरायच्या. हात वर कर. वाक. मोठा श्वास घे. पुन्हा हात वर कर. तिच्या अंगावर नमुना नीट बसला की मास्तर त्याचा पुठ्ठ्याचा फॉर्मा कापायचे आणि त्या फॉर्म्यावरून मग कापडाच्या थप्प्याच्या थप्प्या कापल्या जायच्या. “हिला बसलं की निम्म्या गावाला बसतं,” असं ताई गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगायच्या, जणू वहिनीला त्यांनीच घडवलं होतं.

आणि खरं सांगायचं तर घडवलंच होतं.

बारा वर्षांपूर्वी मापाला उभी राहणारी आधीची बाई काम सोडून गेली. ताई हैराण झाल्या. एका दुपारी चहा पिता पिता त्यांची नजर भावजयीवर येऊन थांबली. खांदे बरोबर, कंबर बरोबर, उंची बरोबर. “एवढी एक गोष्ट सोडली तर तू अगदी मापात आहेस गं,” ताई म्हणाल्या. सगळे हसले, वहिनीही हसली. पण त्या घरात ताईंच्या थट्टेला ठराव व्हायची खोड होती. महिन्याभरात डॉक्टर ठरला, तारीख ठरली. नवरा म्हणाला, “ताई काही वाईट सांगणार नाही आपल्याला.” त्याला स्वतःला काय हवं होतं ते तो बोलला नाही, पण चेहऱ्यावर ते लपत नव्हतं. वहिनीच्या छातीत दोन्ही बाजूंना सिलिकॉनच्या पिशव्या बसल्या. कारखान्यात सांगितलं, अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं.

आता सगळं खापर ताईंच्या डोक्यावर फोडलं तर तेही खोटं होईल. सुरुवातीला वहिनीला स्वतःलाच आरसा आवडायला लागला होता. नवा कपडा अंगावर चढला की ती जरा जास्त वेळ पाटावर रेंगाळायची. पुढे दुखलं म्हणून आधीचं सुख नाकारायचं, एवढी ती अप्रामाणिक नव्हती.

दोन वर्षांपूर्वी डावीकडे ओढायला लागलं. हात वर केला की काखेपासून आत कुणीतरी दोरी आवळतंय असं वाटायचं. पाटावर उभी असतानाच ती म्हणाली, “डावीकडे ओढतंय.” ताईंनी मास्तरांना मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेचा घेर, सैल करायला सांगितला. पुढच्या नमुन्याला ती पुन्हा म्हणाली, “डावीकडे ओढतंय हो. हात वर केला की टोचतं.” ताईंनी बाहीची शिवण उसवायला लावली. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा ताई वैतागल्या. “कापडात काही नाही. तुझ्या डोक्यात आहे ते.” घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “चाळिशी उलटली की सगळ्यांचंच ओढतं.” त्याचं काय ओढत होतं देव जाणे, भाजीची पिशवीसुद्धा तो तिच्याच हातात द्यायचा. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. तिचं जळत होतं, तिला कळत होतं, आणि बाकीच्यांचं सगळं छान चाललं होतं.

हळूहळू डावी बाजू कडक झाली आणि उजवीपेक्षा बोटभर वर सरकली. बाहेरून पाहणाऱ्याला कळणार नाही इतकीच, पण कपड्याला कळते. छातीवर कापडाला आकार देण्यासाठी जी चिमटीसारखी दुमड घालतात, त्या टक्सला तर नक्कीच कळते. तिच्या अंगावरून खूण केली असती तर डावा टक्स बोटभर वर गेला असता. म्हणून मास्तरांनी टाचणी लावायच्या आत ती स्वतःच अंगठ्यानं डावा टक्स बोटभर खाली ओढून धरायची. मास्तर ते बघायचे आणि खडू शोधायच्या निमित्तानं पाठ फिरवायचे. ताईंना त्यातलं काही दिसलं नाही. त्या कपड्याकडे बघत असायच्या.

शेवटी ती एकटीच डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी दोन्हीकडे चाचपलं आणि विचारलं, “किती दिवस ओढतंय?” वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. दुखलं म्हणून नव्हे. हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारलाच नव्हता.

आत घातलेल्या पिशवीभोवती शरीर आपलं एक वेष्टण तयार करतं, बाईंनी सांगितलं. कधी कधी ते आवळत जातं. तिचं आवळलं होतं. दोन्ही पिशव्या काढलेल्या बऱ्या.

“त्यांच्या जागी दुसऱ्या घालायच्यात का?”

“नको,” वहिनी म्हणाली, आणि इतक्या झटकन म्हणाली की स्वतःच चमकली.

“बरं. मग नंतरचं आत्ताच ठरवून ठेवा, बायका ते शेवटच्या दिवसावर ढकलतात. पहिले दोन आठवडे घरीच. पुढे बसून करायचं हलकं काम असेल तर तपासून ठरवू. पण वजन उचलणं, ओढणं, ढकलणं आणि हात खांद्याच्या वर नेणं, हे साधारण सहा आठवडे बंद. घरातलं रोजचं सामान कमरेच्या उंचीला आणून ठेवा. कपडे पुढून उघडणारे घाला, डोक्यावरून घालायचे नकोत. काम काय करता तुम्ही?”

“उभी राहते.”

“मग फार अवघड नाही.”

“हात वर करून उभी राहते,” वहिनी म्हणाली.

घरी येताना तिला एकाच गोष्टीचा घोर लागला. पिशव्या काढायच्या म्हणजे पाटावरून कायमचं उतरायचं. मग कारखान्यात आपण कोण? नुसती वहिनी? पार्सलं बांधणारी? तिला कटिंग येत होतं. किती वर्षं मास्तरांच्या बाजूला उभी राहून ती शिकली होती, लहानसहान ऑर्डरी ते तिलाच कापायला द्यायचे. मास्तर हंगाम संपला की काम सोडणार होते. ते टेबल मिळालं तर तिला छातीचं माप लागणार नव्हतं. ते टेबल तिला हवं होतं, आणि बरं होण्यापुरते सहा आठवडे हवे होते. दोन्हींपैकी एकही गोष्ट तिनं आजवर कधी मागितली नव्हती.

ताईंनी ऐकून घेतलं आणि पहिलं वाक्य बोलल्या ते हे: “आत्ता? ऐन हंगामात?”

जसं काही दुखण्यानं हंगाम विचारून यायचं असतं.

“सहा आठवडे, ताई.”

“सहा आठवडे! अगं, मी पोर पोटाशी धरून मशीन चालवलंय. आणि मोठ्या दुकानाच्या मुलींचे युनिफॉर्म यायचेत शिवायला. पाटावर कोण उभं राहील?”

त्यावर वहिनी जे बोलली ते न बोलती तर बरं झालं असतं. पण ती घरातली होती, आणि घरातल्या माणसाला रजा मागताना आपल्या जागी काहीतरी ठेवून जावंसं वाटतं. कोपऱ्यात लाकडी पायावरची, कापडानं मढवलेली एक जुनी बाहुली धूळ खात पडली होती. तिच्याकडे बोट करून वहिनी म्हणाली, “हिला मी माझ्या मापाची करून देते. माझ्यावाचून तुमचं अडणार नाही.”

ताईंचे डोळे चमकले. “अगदी तुझ्या मापाची?”

“हो. पण परत आल्यावर मला पाट नको. मास्तरांचं टेबल हवं.”

“अगं, तुझंच आहे सगळं. तू आधी बरी हो, मग बघू.”

“मग बघू” हे ताईंचं आवडतं वाक्य. त्यांनी ते “हो” म्हटल्यासारखं म्हटलं आणि वहिनीनं “हो” म्हणून ऐकलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तिथे कोण खोदून विचारतं?

राहता राहिलं, लोकांना काय सांगायचं ते. ताईंनी दुपारी सगळ्यांच्या देखत जाहीर केलं की वहिनीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन आहे. मास्तरांनी कात्री खाली ठेवली. “अपेंडिक्स तर मागे एकदा काढलं होतं ना, वहिनी? परत उगवलं की काय?” मशीनी थांबल्या. “पित्ताशय!” ताई म्हणाल्या. “पित्ताशय म्हणाले मी.” त्या दिवसापासून निम्म्या कारखान्याच्या लेखी वहिनीचं अपेंडिक्स होतं आणि निम्म्याच्या लेखी पित्ताशय. एका बाईनं तर काळजीनं विचारलं की एवढं सगळं काढल्यावर आत राहणार काय.

बाहुली भरायला तिला बरेच दिवस लागले. फोमचे तुकडे कापायचे, कापूस दाबायचा, टेप आपल्या अंगावर लावायचा, मग बाहुलीवर लावायचा. उजवी बाजू झाली. डावीकडे ती थांबली. ती बाजू जिथे असायला हवी तिथे बसवू, की जिथे आहे तिथे? तिनं ताईंना विचारलं. ताई म्हणाल्या, “काही म्हणजे काही बदलू नकोस. तू जशी आहेस तशी हवी मला. इतकी वर्षं तुझ्यावर बसलेलं माप बिघडवायचं नाही.” तेव्हा तिनं डावी बाजू बोटभर वर बसवली. आपलंच दुखणं असं बाहेर काढून कापडाखाली शिवून टाकताना तिला कसंनुसं झालं. काम मात्र चोख केलं.

जायच्या आदल्या दिवशी ती ताईंच्या खोलीत गेली. ताई फोनवर होत्या.

“ताई, बाहुलीचं डावं बोटभर वर आहे. माझ्यासारखंच. खूण करताना डावा टक्स बोटभर खाली घ्यायचा.”

ताईंनी फोनवर हात ठेवला. “हो, हो. तू आता तुझ्या सुट्टीचं बघ.”

बाहेर मास्तरांना तेच सांगितलं. मास्तर म्हणाले, “मी आहे ना इथे. तुम्ही निर्धास्त जा.”

घरची तयारी तिनं चोख केली. चहा-साखरेचे डबे, कप, पातेली, औषधं, टॉवेल, सगळं फळ्यांवरून उतरवून ओट्यावर आणून मांडलं. एकच पंचाईत झाली. कपड्यांच्या कारखान्यातल्या बाईच्या कपाटात पुढून उघडणारा एक कपडा निघेना, सगळे डोक्यावरून घालायचे. शेवटी तिनं नवऱ्याचे जुने शर्ट धुऊन ठेवले. नवऱ्यानं कारखान्यातून आठवडाभराची रजा घेतली होती, म्हणजे बहिणीला तसं सांगितलं होतं.

ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आल्यावर दुखत होतं, पट्ट्या होत्या, बाजूला नळ्या होत्या, पण त्या सगळ्याच्या आत कुठेतरी ते ओढणं नव्हतं. ती पडल्या पडल्या ते शोधत होती आणि ते सापडत नव्हतं. पट्ट्या पहिल्यांदा सोडल्या तेव्हा सैल, सुरकुतलेली, टाके घातलेली आपली छाती तिनं पाहिली. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलंही. तेवढ्यात नवरा म्हणाला, “हे आता असंच राहणार का?” आणि मग तिला दुसऱ्याच गोष्टीचं रडू आलं.

घरी आल्यावर एकच दिवस तो थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंचा फोन आला, मोठ्या दुकानाचं कापड आलं होतं. “जाऊन लगेच येतो,” तो म्हणाला. जायच्या आधी प्रेमानं की अपराधानं कोण जाणे, त्यानं स्वयंपाकघर आवरलं. “बघ, सगळं जागच्या जागी ठेवलंय!” दाराबाहेरून ओरडला. वहिनी उठून आत गेली. ओटा लख्ख होता. चहाचा डबा, साखर, कप, पातेली, सगळं पुन्हा वरच्या फळीवर गेलं होतं. बारा वर्षं ताईंनी “कर” म्हटलं की वर जाणारे हात खाली लोंबत ठेवून ती त्या डब्याकडे बघत उभी राहिली. मग नळाचं पाणी पिऊन परत जाऊन पडली. नवरा संध्याकाळी आला. पुढेही रोज संध्याकाळीच आला. येताना ब्रेड आणायचा आणि दमलो म्हणायचा.

दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं. तिचं तसंच जात होतं. नळ्या निघाल्या, टाके सुकायला लागले, कुशीवर वळता यायला लागलं. पडल्या पडल्या ती मनातल्या मनात टेबल लावायची. कात्री उजवीकडे, खडू डावीकडे, फॉर्मे भिंतीवर टांगलेले. मास्तर पट्टी कुठेही ठेवायचे, ती तसं करणार नव्हती.

एके दिवशी मास्तर भेटायला आले. तिनं चहा करते म्हटलं आणि वर बघितलं. मास्तरांनी न विचारता डबा काढून दिला.

“आज कारखान्याला सुट्टी कशी?” तिनं विचारलं.

“मला कायमचीच आहे, वहिनी. लवकर मोकळं केलं मला. तुम्ही गेलात त्याच आठवड्यात. ताई म्हणाल्या, तुमचं वय झालं, कशाला ताण घेता. नवा मास्तर आलाय. तरणा आहे, हात चलाख आहे.”

“तात्पुरता असेल. मी येईपर्यंत.”

मास्तरांनी कप खाली ठेवला. “त्यानं टेबलाची उंची वाढवून घेतली,” ते हळूच म्हणाले. “सुतार बोलावून.”

तात्पुरता माणूस टेबलाचे पाय बदलत नाही, हे तिलाही कळत होतं.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला विचारलं, “तुम्हाला माहीत होतं?”

“तू बरी झाल्यावर सांगणारच होतो. तुला ताण नको म्हणून.”

“मला नको म्हणून, की तुम्हाला नको म्हणून?”

“ताई म्हणते ते अगदीच चुकीचं नाही. तू आजारी, मास्तर म्हातारे. धंदा थांबतो का कुणासाठी? तुला काहीतरी देईलच ती.”

तो जेवला आणि झोपला. वहिनी उशांना टेकून जागी राहिली. राग आला की हात आपटावेत, भांडी आपटावीत. तिला तेवढंही करायची परवानगी नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

आणखी थोडे दिवस गेले. सहा आठवडे अजून पुरे व्हायचे होते, आणि एका सकाळी ताई स्वतः घरी आल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. हातात मोठी कापडी पिशवी होती आणि मागे नवरा, चेहरा पाडून. ताईंनी पिशवी पलंगावर उपडी केली. निळे युनिफॉर्म, मोठ्या दुकानाच्या मुलींचे. पुढून एकावर एक येणारे दोन भाग आणि बाजूला बांधायची नाडी, असा नमुना होता.

“काय केलंस तू त्या बाहुलीचं?” ताई म्हणाल्या. तब्येत कशी आहे, हे त्या मागाहून विचारतील असं वहिनीला वाटलं. त्यांनी ते मागाहूनही विचारलं नाही.

“का? काय झालं?”

“सगळा माल परत आलाय. सगळाच्या सगळा! हा नमुना दोन्हीकडे सारखा नाही, डावा भाग वेगळा, उजवा वेगळा. नव्या मास्तरानं बाहुलीवरून जशाच्या तशा खुणा घेतल्या आणि कापलं. आता त्या मुली अंगात घालायला तयार नाहीत.”

“काय म्हणतात त्या?”

“काय म्हणणार! डावीकडे ओढतंय म्हणतात. वरच्या फळीवरचं काढायला हात वर केला की टोचतं म्हणतात. एक नाही, दोन नाही, झाडून सगळ्याजणी. आता एवढ्या सगळ्या काय खोटं बोलतील?”

वहिनीला हसू आलं. हसताना टाक्यांच्या जागी कळ गेली, तरी ते थांबेना. नवऱ्यानं घाबरून पाण्याचा पेला पुढे केला. तिनं तो घेतला नाही.

“ताई, दोन वर्षं मी हेच म्हणत होते. हेच्या हेच शब्द. तुम्ही मुंढा सैल केलात, शिवण उसवलीत, शेवटी म्हणालात, तुझ्या डोक्यात आहे. त्या मुलींनी किती वेळा सांगितलं तुम्हाला?”

“एकदाच. पण ते वेगळं. ती गिऱ्हाइकं आहेत.”

“हो. ते वेगळंच.”

“पण तू बाहुली वाकडी करून ठेवलीस ते सांगायचं नाहीस?”

“वाकडी नाही केली. मी होते तशी केली, तुम्हीच सांगितलं होतंत. आणि डावा टक्स बोटभर खाली घ्यायचा हेही सांगितलं होतं. तुम्ही फोनवर होतात. मास्तरांनाही सांगितलं होतं. त्यांना तुम्ही घरी पाठवलंत.”

ज्यांना उत्तर द्यायची सवय नसते त्यांचं उत्तरावाचून अडतही नाही. ताई पलंगाच्या कडेला बसल्या आणि आवाज मऊ केला.

“झालं ते झालं. उद्या ये तू. आतून पॅड लावू आणि एकदा पाटावर उभी राहा. टाचण्या तूच लाव, तुला बरोबर कळतं. हात फार वर नको करूस, थोडेच.”

“थोडेच,” वहिनी म्हणाली.

“जाऊन ये ना,” नवरा म्हणाला. “तासाभराचा तर प्रश्न आहे. घरचंच काम आहे.”

“आणि टेबल?” तिनं ताईंना विचारलं.

“टेबल कुठे पळून चाललंय? तू ये तर खरं, मग बघू.”

गरज सरो वैद्य मरो म्हणतात. इथे वैद्य अजून पुरता उठून बसला नव्हता आणि गरज पुन्हा उभी राहिली होती. वहिनीनं एक युनिफॉर्म मांडीवर घेतला, डाव्या भागावरून बोट फिरवलं. टक्स तिच्याच मापाचा होता. नव्या मास्तराचा हात खरंच चांगला होता, बाहुलीवर जे होतं ते त्यानं तंतोतंत उतरवलं होतं. त्याची काही चूक नव्हती.

“डावा टक्स उसवा आणि बोटभर खाली घ्या,” ती म्हणाली. “शिवणीत कापड पुरेसं आहे, परत कापावं लागणार नाही. एवढंच काम आहे. त्यासाठी मी यायला नको.”

“तुझ्याशिवाय नाही जमणार गं. त्या पोराला...”

“जमेल त्याला. टेबल उंच करून घेतलंय ना त्यानं.”

ताईंनी भावाकडे पाहिलं. भावानं खिडकीकडे पाहिलं.

“म्हणजे तू येणार नाहीस?”

“सहा आठवडे अजून झालेले नाहीत, ताई.”

“आणि झाल्यावर?”

“मग बघू,” वहिनी म्हणाली.

ताई उठल्या. युनिफॉर्म त्यांनी पिशवीत कोंबले. त्या दाराशी पोचल्या तेव्हा वहिनी म्हणाली, “एक राहू दे. मला पुढून उघडणारं लागतं.”

ताईंनी पिशवीतून एक ओढला, खुर्चीवर टाकला आणि जिना उतरल्या. नवरा त्यांना सोडायला गेला. परत येताना ब्रेड आणतो म्हणाला.

घर शांत झाल्यावर तिनं नवऱ्याचा शर्ट काढला. युनिफॉर्मच्या एका बाहीत हात घातला, मग दुसरीत, खांद्याच्या वर न नेता. पुढचे दोन भाग एकावर एक घेतले आणि नाडी बांधली. आरशात पाहिलं तर छातीवर कापड रिकामं लोंबत होतं, उजवा टक्स खाली, डावा बोटभर वर. त्या मापाची बाई आता या घरात राहत नव्हती, कारखान्यात कोपऱ्यात लाकडी पायावर उभी होती.

वहिनीनं मोठा श्वास घेतला. मग पुन्हा एक घेतला, कुणी न सांगता. डावीकडे कुठेच ओढत नव्हतं.